नाशकात बिनधास्त लिहायचंय? मग एवढं बघून लिहा

कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काहीतरी लिहिणारे, नुकतंच एखादं इन्स्टा पेज किंवा यूट्यूब चॅनल काढलेले, प्रभागातल्या प्रश्नावर पहिल्यांदाच माइक हातात घेतलेले, अशा नवख्यांसाठी हे लिहितोय. यांच्यात मला दोन तऱ्हा दिसतात. एकाला वाटतं, लोकशाही आहे, वाट्टेल ते बोलेन. दुसरा नगरसेवकाचं नाव टाइप करून पुन्हा खोडतो. पहिला कधीतरी अडकतो. दुसरा उगाच गप्प बसतो, आणि माझ्या मते शहराचं जास्त नुकसान या दुसऱ्यामुळेच होतं.

तुमची भाषा किती तिखट आहे याच्याशी कायद्याला फारसं देणंघेणं नसतं. हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणताय आणि ते वाचून लोक काय करून बसतील, हे तो बघतो. पुढचं सगळं याच दोन प्रश्नांभोवती फिरतं.

पहिली पायरी: हक्क कोणाविरुद्ध आहे ते समजून घ्या

संविधानाच्या कलम १९(१)(क)ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्याला लगाम कलम १९(२)चा. त्यात आठ कारणं मोजून दिलेली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. ही यादी पूर्ण आहे, तिच्याबाहेरचं नवं कारण काढून बंधन घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. ‘साहेबांना वाईट वाटलं’ किंवा ‘शहराची बदनामी होते’ हे या यादीत नाही.

आता नवख्यांचा हमखास होणारा घोटाळा. हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचा आहे. सोसायटीच्या ग्रुपवरून सेक्रेटरींनी तुम्हाला काढलं, फेसबुकने पोस्ट उडवली किंवा सातपूरच्या कंपनीने कामगाराच्या पोस्टवरून खुलासा मागवला, तर ‘माझं संविधानिक स्वातंत्र्य हिरावलं’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. तिथे ग्रुपचे, मंचाचे आणि नोकरीच्या कराराचे नियम चालतात. सरकारी नोकरांचं वेगळंच आहे. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, त्यात शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्याला मनाई आहे, आणि समाजमाध्यमांसाठी शासनाने २०२५ साली आणखी सूचना काढल्या. जिल्हा परिषदेतले गुरुजी आणि महसूल खात्यातले भाऊसाहेब यांनी आधी आपापले नियम वाचावेत, मग स्टेटस ठेवावं.

हे हक्क आपल्याला किती अलीकडे मिळाले, याची आठवण नाशिककराला तरी वेगळी करून द्यायला नको. १९०९ साली इथल्याच बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागचा राग याच शिक्षेचा. ज्या अनंत कान्हेरेंच्या नावाच्या मैदानावर आपण आज सकाळी चालायला जातो, त्यांनीच त्या झाडल्या.

दुसरी पायरी: नाव घेताय? मग कागद जवळ ठेवा

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बदनामीत, म्हणून इथे जरा थांबतो. भारतीय न्याय संहितेत (ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे) बदनामीचं कलम ३५६ आहे. जुन्या दंड संहितेतलं ४९९-५००. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. बदनामी हा गुन्हाच नसावा, असं म्हणत लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते, पण २०१६ साली न्यायालयाने कलम कायम ठेवलं. शिवाय दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा वेगळा.

एक पोस्ट बघा. अशा पोस्टी पावसाळ्यात दर आठवड्याला फिरतात:

‘आमच्या नगरसेवकाने ठेकेदाराकडून पाकीट घेतलं म्हणून रस्ता तीन महिन्यांत उखडला. सगळे चोर आहेत.’

रस्ता उखडलाय हे खरं आहे, चीडही रास्त आहे. पण पाकीट घेताना तुम्ही पाहिलं का? नसेल, तर पोस्टमधलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. तीच पोस्ट अशी लिहा:

‘पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीतल्या रस्त्याचं डांबरीकरण एप्रिलमध्ये झालं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात खडी वर आली. तारखेसह फोटो खाली दिलेत. कामाचा कार्यादेश, दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत) आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलांची प्रत माहिती अधिकारात मागितली आहे. नगरसेवकांना परवा मेसेज करून विचारलं, अजून उत्तर नाही. हे काम घेताना कोणी तपासलं होतं?’

दुसरी पोस्ट मवाळ वाटते का? मला तर ती जास्त झोंबणारी वाटते. पहिलीला नगरसेवक ‘राजकीय आकस’ म्हणून झटकून टाकेल. दुसरीला त्याला उत्तर द्यावं लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, महापालिकेचा असेल तर शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात द्यायचा, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. ती पोचपावती जपून ठेवा. उद्या वाद झाला तर तुम्ही आधी चौकशी केली होती, हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

कायद्यात बदनामीला दहा अपवाद दिलेले आहेत. नवख्याला लागतात ते तीन-चारच: लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्‌भावनेने मांडलेलं मत, सार्वजनिक प्रश्नावरच्या वागणुकीबद्दलचं मत आणि योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार. ‘सद्‌भावना’ म्हणजे मन निर्मळ असणं एवढंच नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, खातरजमा करून लिहिलं का, हे बघितलं जातं. आणखी एक बारकावा खूप जणांना माहीत नसतो. दिवाणी दाव्यात ‘हे खरं आहे’ एवढा बचाव पुरतो. फौजदारीत खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. त्यामुळे नगरसेवकाच्या रस्त्याबद्दल लिहा, त्याच्या घरातल्या भांडणाबद्दल नको, मग ते भांडण सगळ्या गल्लीने ऐकलेलं असो.

काही पळवाटा लोक वापरतात, त्या चालत नाहीत. ‘कथित’ हा शब्द पेरल्याने आरोप धुतला जात नाही. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकलं, ‘अमक्याने पैसे खाल्ले?’, तरी वाचणारा काय समजायचं ते समजतोच. नाव न घेता ‘आमच्या प्रभागातले काळी स्कॉर्पिओवाले’ म्हटलं आणि गल्लीने माणूस ओळखला, तरी बदनामी होते. फॉरवर्ड केलं म्हणजे मी लिहिलं नाही, हाही बचाव नाही. कलमात करणारा आणि प्रसिद्ध करणारा दोघंही आहेत.

आता भीती घालवणारी बाजू. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. ‘पोलिसांत केस टाकतो’ ही धमकी बहुतेक वेळा पोकळ असते, कारण त्यासाठी समोरच्याला स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते, आणि नव्या कायद्याप्रमाणे दखल घेण्याआधी तुम्हालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. दुसरं, महापालिका किंवा सरकार ही संस्था म्हणून तुमच्यावर अब्रुनुकसानीचा भरपाईचा दावा लावू शकत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सांगून ठेवलं आहे. तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५ च्या अखेरीस महापालिकेवर शहरभर जी टीका झाली, तिच्यात बदनामीचा प्रश्नच येत नाही. कांद्याचे भाव पडले म्हणून लासलगावच्या शेतकऱ्याने केंद्र सरकारला घातलेल्या शिव्याही त्यात बसत नाहीत.

तिसरी पायरी: धर्म आणि जात, इथे वेग कमी करा

न्याय संहितेचं कलम १९६ हे गटागटांत वैर पसरवण्याबद्दल, २९९ हे धार्मिक भावना दुखावण्याबद्दल. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे इथे पोलिस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पण २९९ साठी कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं असावं लागतं. कोणाच्या तरी भावना दुखावल्या एवढ्यावर ते लागत नाही. शिवाय या दोन्ही कलमांखाली खटला पुढे चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. कलम ३७० हटवल्याचा दिवस काळा दिवस आहे आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, अशा आशयाचं त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस. गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. शेवटी ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं म्हटलं. मत पटत नाही म्हणून तो गुन्हा होत नाही. अर्थात तोवर त्या माणसाचं काय झालं असेल, हा हिशेब निकालपत्रात नसतो, आणि तोही लिहिणाऱ्याने मनात धरावा.

वर्षभराने, २८ मार्च २०२५ रोजी, खासदार इमरान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या अशा प्रकरणात पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम धीट, विचारी माणसाच्या नजरेतून मोजायचा. प्रत्येक टीकेत धोका दिसणाऱ्याच्या नजरेतून नव्हे. पोलिस ठाण्यात बोलावणं आलं तर तुमच्या वकिलाला हे दोन्ही निकाल नक्की आठवून द्या.

जातीचं मात्र वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून हिणवलं तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा (१९८९) लागतो, आणि त्यात अटकपूर्व जामिनाला बंदी आहे. ‘ग्रुपवर तर म्हटलं होतं, तोंडावर कुठे’ यावर विसंबू नका. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली इंटरनेटवरच्या व्हिडिओलाही हेच लागू धरलं. तिखट लिहिण्याच्या बाजूने मी कितीही असलो, तरी हे बंधन मला जाचक वाटत नाही.

चौथी पायरी: फॉरवर्ड दाबण्याआधी

२०१८ च्या जुलैत शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात मालेगावातही एका कुटुंबावर जमाव धावून गेला, तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो काळजीपोटीच पाठवला असेल.

सिंहस्थाच्या काळात तर हे दहा पटीने लागू होतं. २००३ च्या कुंभात पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. रामकुंडाकडे लाखोंची गर्दी असताना ‘पूल पडला’, ‘पाणी सोडलं’ असा एक खोटा मेसेज काय करेल ते सांगायला नको. भीती पसरवणाऱ्या खोट्या मजकुराला न्याय संहितेचं कलम ३५३ आहे, आणि आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवला तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा. ३५३ मध्ये एक अपवादही आहे: माहिती खरी मानायला वाजवी कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, तर गुन्हा नाही. म्हणून मेसेज कुठून आला, तुम्ही कोणाला फोन करून विचारलं, याची नोंद असू द्या. स्वतः उभं राहून पाहिलं असेल तर तसं लिहा, वेळ आणि जागा घालून. ऐकलेलं असेल तर थांबा.

ग्रुप अ‍ॅडमिन मंडळी फार घाबरलेली असतात. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप जबाबदार होत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधीचा कट दिसावा लागतो. तरी वादळ उठलं की ‘फक्त अ‍ॅडमिन’ सेटिंग लावायला दोन सेकंद लागतात. ती लावावी.

पाचवी पायरी: काही गोष्टी टाकायच्याच नाहीत

इथे चर्चा नाही. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव, फोटो, आईवडिलांचं नाव, शाळा, गल्ली, ज्यावरून ती ओळखू येईल असं काहीही टाकू नका, ‘न्याय मिळालाच पाहिजे’च्या पोस्टमध्येसुद्धा. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. कोणाचे खासगी क्षणांचे फोटो, परवानगीशिवाय, कधीच नाही.

आणि खास नाशिकचं. देवळालीचा तोफखान्याचा परिसर, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडच्या नोटांच्या आणि मुद्रांकांच्या प्रेस. इथे रील काढायची हौस करू नका. ‘छायाचित्रणास मनाई’चा बोर्ड शोभेला लावलेला नसतो, आणि संरक्षण ठिकाणांबाबत १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही जिवंत आहे.

सहावी पायरी: रस्त्यावर उतरायचं असेल तर

मोर्चा, धरणं, निदर्शनं हीसुद्धा अभिव्यक्तीच. ज्या ठाण्याच्या हद्दीतून जायचंय तिथे आणि आयुक्तालयात आधी लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे माणसं, जबाबदार दोघा-तिघांची नावं. पोचवर शिक्का घ्या. मग पेपरात ‘३७(१)(३) लागू’ अशी छोटी बातमी आली आहे का ते बघा. हा महाराष्ट्र पोलिस कायद्याखालचा मनाई आदेश. शहरात पोलिस आयुक्त काढतात, पंधरा-पंधरा दिवसांसाठी, आणि सणावारांत तर तो कायमच असतो असं म्हटलं तरी चालेल. त्यात पाच किंवा जास्त जणांचा विनापरवाना जमाव, पुतळ्यांचं प्रदर्शन, आक्षेपार्ह घोषणा असं काय काय येतं. घोषणा ठरवताना आदेशाची प्रत समोर ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा नाही. फ्लेक्स लावायचा तर महापालिकेची परवानगी; वाढदिवसाचे विनापरवाना फ्लेक्स चौकाचौकात लटकत असतात आणि कारवाई नेमकी तुमच्या निषेधाच्या फलकावर होते, हे अन्यायाचं असलं तरी परवानगीचा कागद नसल्यावर ते सिद्ध करता येत नाही.

सातवी पायरी: नोटीस आली, पुढे काय

वकिलाची नोटीस म्हणजे खटला नव्हे. बरेच लोक ती बघून पोस्ट उडवतात आणि मोकळे होतात. तसं करू नका. आधी पोस्टची, खालच्या कॉमेंटांची, तारीख-वेळेची प्रत काढून ठेवा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते त्या उपकरणाशी जोडलेलं असतं. मग वकिलाला दाखवा. चूक असेल तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे टाका. चूक नसेल तर उत्तर द्या आणि पोस्ट राहू द्या.

पोलिसांचा फोन आला तर नम्रपणे विचारा: कोणत्या ठाण्यातून, कोणतं कलम, तक्रार की गुन्हा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत थेट अटक हा नियम नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावलेली चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितलं आहे. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून ‘तुमच्या पोस्टवरून डिजिटल अरेस्ट’ म्हणणारा माणूस भामटा आहे, फोन ठेवा. खरी नोटीस मिळाली तर मात्र दांडी मारू नका. न गेल्यास अटकेला कारण मिळतं. वकील सोबत न्या. फोन ताब्यात घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर होऊ शकत नाही, हे संविधानाचं कलम २०(३) आहे. पासवर्डचा प्रश्न आला तर वकिलाशी बोलल्याशिवाय काही ठरवू नका. ‘६६अ लावतो’ असं कोणी म्हटलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम २४ मार्च २०१५ रोजीच रद्द झालंय हे शांतपणे सांगा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती अशा काही गटांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत, हेल्पलाइन १५१००. अटकपूर्व जामीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली, इथल्याच सत्र न्यायालयात. गुन्हाच रद्द करून घ्यायचा असेल तर त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालय, आणि नाशिकचं प्रकरण मुंबईच्या मुख्य पीठापुढे जातं. तिथला अर्ज वकील लिहितो, पण तुम्ही तारखेवार जपलेले फोटो, पोचपावत्या आणि मेसेज त्याला पहिल्याच भेटीत एका फाइलमध्ये द्या.